दुरुस्तीतून उरलेले लाकूड आणि घरची बैठक



गिरगावात, दादरला किंवा लालबाग-परळच्या कोणत्याही जुन्या रस्त्याने चालत जा. एखाद्या चाळीची दुरुस्ती निघालेली दिसतेच. बांबूची परांची बांधलेली असते, जिन्याखाली विटांचा चुरा आणि फुटक्या फरश्या पडलेल्या असतात, आणि त्यांच्याच शेजारी भिंतीला काळपट लाकडे टेकवून ठेवलेली असतात. जुने वासे, दारांच्या चौकटी, तक्तपोशीच्या फळ्या, गॅलरीच्या कठड्याचे दांडे. रात्री टेम्पो येतो आणि सगळा ढीग घेऊन जातो. सकाळी त्याच चाळीतल्या एका बिऱ्हाडात मुलाच्या अभ्यासासाठी नवे टेबल येते. ते भुसा दाबून केलेल्या फळीचे असते आणि दोन पावसाळ्यांत त्याच्या कडा फुगतात. रात्री टेम्पोतून गेलेले लाकूड मात्र शंभर पावसाळे पाहून बसलेले असते.

आजचे भाषण त्या लाकडाविषयी आहे. त्यातून घरी आणि शाळेत बसण्या-लिहिण्याची साधी सोय कशी करता येईल, हे मी सांगणार आहे. खेड्यातल्या श्रोत्यांनी "हे मुंबईचं रडगाणं, आम्हाला काय त्याचं?" असे म्हणून उठू नये. तुमच्याकडेही कौलारू घर उतरवून स्लॅबचे घर उभे राहते आहे. घरकुल योजनेतून असो की स्वतःच्या खर्चाने असो, जुन्या घराचे वासे, रिपा, कवाडे आणि उंबरे अंगणात पडतात. त्यातले अर्धे चुलीत जाते आणि अर्धे भंगारवाला वजनावर नेतो. म्हणजे गोष्ट दोन्हीकडे एकच आहे.

मुंबईत एवढे सागवान आले कुठून, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्या रत्नागिरीचाही संबंध आहे. गिरणगावाच्या आणि गिरगावाच्या पुष्कळ जुन्या चाळींचा सांगाडाच लाकडी होता. खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, जिना आणि गॅलरीही लाकडाची. त्यातले बरेचसे लाकूड ब्रह्मदेशातून, रंगून आणि मोलमीनच्या बंदरांतून जहाजाने येई. या व्यापारासाठी १८६३ साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. पुढे लाकडाच्या हिशेबावरून याच कंपनीचा आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा तंटा झाला. इंग्रजांनी ते निमित्त केले आणि १८८५ साली राज्य घेतले. राजाला त्यांनी रत्नागिरीला आणून ठेवले. तिथे त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ साली तो तिथेच वारला. रत्नागिरीचा चाकरमानी गिरणीत कामाला येऊन ज्या खोलीत राहिला, तिच्या डोक्यावरची तुळई पुष्कळदा त्याच ब्रह्मदेशच्या रानातली असे.

तसले लाकूड आता सहजी येत नाही. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशाने, अख्खे ओंडके परदेशी पाठवण्यावर बंदी घातली. आणि इथली चाळ दुरुस्त होते तेव्हा लाकडी तुळईच्या जागी बहुतेक लोखंडी तुळई बसते. एकदा काढलेले लाकूड त्या इमारतीत परत जात नाही. ते रे रोड, दारूखाना, चोर बाजार अशा ठिकाणी जुन्या लाकडाच्या वखारीत जाते, आणि त्याची किंमत तिथल्या व्यापाऱ्याला नेमकी ठाऊक असते. ती ठाऊक नसते ती तुम्हा-आम्हाला.

सगळ्याच जुन्या चाळी लाकडी असतात असे मात्र नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात सिमेंट-काँक्रीटच्या बांधल्या गेल्या. तिथे लाकूड म्हणजे दारे-खिडक्या, आणि लोकांनी स्वतः घातलेले माळे. वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाताना माणसाला वाटते की जुने काही नकोच. ते साहजिक आहे. पण माळ्याच्या फळ्या खाली काढताना एकदा उलटून पाहाव्यात, एवढेच माझे म्हणणे.

आता कामाकडे वळू. पहिली गोष्ट, लाकूड कोणाचे आहे ते विचारा. दुरुस्ती एखाद्या मंडळाकडून किंवा मालकाकडून चालू असेल, तर निघालेला माल बहुधा ठेकेदाराच्या हिशेबात धरलेला असतो. तो न विचारता उचलला तर भांडण होते. आधी विचारले तर दोन-चार फळ्यांना सहसा कोणी नाही म्हणत नाही. चाळीच्या समितीने काम सुरू होण्यापूर्वीच "कठड्याचं आणि माळ्याचं लाकूड रहिवाशांकडे राहील" असे लिहून घेतले तर सर्वांत उत्तम. गावाकडे घर स्वतःचेच असते, तिथे हा प्रश्न येत नाही. सागवान दुसऱ्या गावी न्यायचे असेल तर मात्र वन खात्याच्या कचेरीत आधी चौकशी करावी. वाटेत अडवले तर जुन्या घराचे लाकूड आहे हे सिद्ध करता करता पुरेवाट होते.

दुसरी गोष्ट, लाकूड तपासा. वरचा रंग पाहून काही कळत नाही. जाडा खिळा किंवा पेचकस घेऊन लाकडाच्या टोकाला आणि भिंतीत गाडलेल्या भागाला टोचा. चांगल्या लाकडात तो अडतो, कुजक्यात मऊ भाकरीत गेल्यासारखा जातो. बारीक भोके दिसली आणि लाकूड आपटल्यावर त्यांतून पीठ गळले, तर आत किडा जिवंत आहे असे समजावे. तो तुकडा घरात आणू नये. एका कोपऱ्यावर रंधा मारून पाहा. सागवान असेल तर आत सोनेरी-तपकिरी रंग दिसतो आणि तेलकट, कातड्यासारखा वास येतो. इतक्या वर्षांनीही तो वास जात नाही.

मग खिळे. जुन्या लाकडात खिळा राहिला की करवतीचे दात गेलेच म्हणून समजा. लोहचुंबकाचा तुकडा दोरीला बांधून फळीवरून फिरवा. जिथे तो ओढला जातो तिथे खडूने खूण करा. खिळ्याचे टोक मागून बाहेर आले असेल तर आधी तिकडून ठोकून डोके वर काढा, आणि मगच पक्कड लावा. पकडीखाली लाकडाचा चपटा तुकडा ठेवावा, म्हणजे फळीला खड्डा पडत नाही आणि जोरही कमी लागतो.

आणि इथे एक धोका सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. जुन्या दारा-खिडक्यांवर तेलरंगाचे थरावर थर असतात. त्या काळच्या तेलरंगांत शिसे घालीत. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्या आधीच्या रंगावर भरवसा ठेवू नये. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ हवेत उडते, जमिनीवर बसते, आणि रांगत्या मुलाच्या हातावाटे पोटात जाते. शिसे लहान मुलाच्या मेंदूला अपाय करते, आणि तो भरून येत नाही. मुलाच्या अभ्यासासाठी टेबल करायचे आणि त्याच्याच बुद्धीला धोका करायचा, असे होऊ नये. म्हणून रंगीत लाकूड खोलीत घासू नका, गॅसच्या ज्योतीने रंग जाळू नका, आणि असले लाकूड चुलीत किंवा बंबात घालू नका. रंगाची बाजू खाली घेऊन मागची कोरी बाजू वापरता येते का ते आधी पाहा. घासणे भागच असेल तर उघड्यावर, पाणी मारून, नाकाला फडके बांधून घासा. निघालेला चिखल कागदात गुंडाळून वेगळा टाका आणि मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा. जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे निघाले असतील तर तेही कापू-फोडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

इतके झाले की करायचे काय? पहिली वस्तू पाट करावी. ऐकणाऱ्यांपैकी काहीजण हसतील. पण ज्याला पाट नीट जमला त्याला लाकूड कळले. पाटाच्या खाली दोन आडव्या पट्ट्या असतात, त्या कशासाठी? केवळ उंचीसाठी नव्हे. लाकूड पावसाळ्यात ओल पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटते. पण ते रुंदीला हलते, लांबीला जवळजवळ नाही. म्हणूनच जुलैत दार चौकटीत अडते, ते बाजूने. रुंद फळी मोकळी ठेवली की ती पन्हळीसारखी वाकते. शिरांना काटकोनात पट्टी लावली की तिला वाकता येत नाही. मात्र पट्टी सरसाने घट्ट चिकटवू नये. फळीला फुगायला वाव राहिला नाही तर ती मधोमध तडकते. पट्टी मधल्या जागी एका स्क्रूने पक्की करावी, आणि दोन्ही टोकांची भोके थोडी लांबट पाडावीत, म्हणजे स्क्रू सरकू शकतो. आपल्या घरातला जुना गणपतीचा पाट उलटा करून पाहा. करणाऱ्या सुताराने हे सगळे न सांगता केलेले असते.

पाटावरून बाकावर यायला फारसे अंतर नाही. चार फूट लांब, दहा-अकरा इंच रुंद आणि दहा सूत, म्हणजे सव्वा इंच, जाड अशी एक फळी घ्या. माळ्याची किंवा कवाडाची फळी चालेल. पाय म्हणून नऊ इंच रुंदीचे दोन फळकुट उभे लावा, टोकापासून सहा-सात इंच आत. पायांच्या खालच्या कडेला मधोमध उलटा व्ही कापा, म्हणजे एका फळीचे दोन पाय होतात आणि उंचसखल जमिनीवर बाक डुगडुगत नाही. दोन्ही पायांना जोडणारा आडवा दांडा बैठकीच्या लगतच खाली ठेवा. कठड्याचा दांडा इथे कामी येतो. कुसू आणि भोक करता आले तर फारच छान, नाही तर दांड्याच्या टोकाला लाकडी ठोकळा लावून स्क्रू बसवावेत. नुसते खिळे मारू नका. बाकावर मुले पुढेमागे झुलतात, आणि खिळा झुलण्याने ढिला होतो.

बाक झुलतो तो का? चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून कोपऱ्यात तिरकी पट्टी घालतात, किंवा बैठकीखाली चार-पाच इंच रुंद उभी फळी लांबीभर लावतात. शिक्षक बंधु-भगिनींना इथे भूमितीचा तास आयता मिळतो. गुण्या नसेल तर एका बाजूला ३ फूट मोजा, दुसरीला ४ फूट. मधले तिरके अंतर बरोबर ५ फूट आले की कोपरा काटकोनी. आयताकृती चौकट जुळवली की दोन्ही कर्ण दोरीने मोजा, ते सारखे आले की चौकट सरळ. पायथागोरसाचा सिद्धांत फळ्यावर पाच वेळा लिहून जे होत नाही, ते या दोरीने एकदाच होते, असे माझे मत आहे.

बाकाची उंची किती? मोठ्या माणसाला सतरा-अठरा इंच. पहिली-दुसरीच्या मुलाला बारा, चौथी-पाचवीच्या मुलाला चौदा आणि सातवीच्या मुलाला साधारण सोळा इंच. पण आकड्यावर जाऊ नका, मूल बसवून पाहा. तळपाय जमिनीवर सपाट टेकले आणि गुडघ्यात काटकोन झाला की उंची बरोबर. पाय लोंबकळत ठेवून तासभर बसणाऱ्या मुलाला आपण चुळबुळ्या म्हणतो, आणि दोष बाकाचा असतो.

मुंबईच्या खोलीत बाकापेक्षाही मोलाचे असते ते भिंतीवरचे पाडते टेबल. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री पाच माणसे अंथरूण घालतात, तिथे चार पायांचे टेबल ठेवायचे कुठे? खिडकीचे जुने कवाड, अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद, यासाठी बेतशीर. जमिनीपासून एकोणतीस इंचांवर भिंतीला एक जाड पट्टी बसवा आणि तिला तीन बिजागऱ्यांनी कवाड जोडा. दोन्ही कडांना साखळी लावून ती वर भिंतीत अडकवा. काम झाले की कवाड खाली सोडा. जुन्या चाळीतल्या आतल्या भिंती पुष्कळदा फळ्यांवर किंवा पट्ट्यांवर गिलावा केलेल्या असतात. नुसत्या गिलाव्यात स्क्रू धरत नाही. बोटाने ठोकत जा. पोकळ आवाज बंद होऊन भरीव आवाज येतो तिथे आत खांब असतो. पट्टी तिथेच धरावी. मुले जमिनीवर बसून लिहीत असतील तर दहा-अकरा इंच उंचीचे उतरते बैठे मेज करावे, पूर्वी पेढीवरचे दिवाणजी वापरत तसे. दप्तर आत राहते आणि मान वाकत नाही.

नव्या दुरुस्तीतून उरते ते प्लायवूड. सहा सूत जाडीचे तुकडे मांडणीला चांगले. पुस्तकांसाठी नऊ इंच खोल आणि डब्यांसाठी बारा इंच खोल करावी. दोन आधारांमधले अंतर अडीच फुटांपेक्षा जास्त ठेवू नये. हातभर जागेत उभी केलेली पुस्तके दहा किलोंच्या वर भरतात, आणि फळी एका वर्षात मधे खाली येते. प्लायवूडच्या कडेत स्क्रू धरत नाही, तिथे आतून लाकडी रीप लावून रिपेत स्क्रू घ्यावा. कडा उघड्या ठेवू नयेत. लालबाग-परळात गणपती झाले की मंडपातूनही असे प्लायचे तुकडे आणि रिपा निघतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवले की मिळतात.

उरलेला कडप्पा किंवा कोटा फरशीचा तुकडा माठाच्या तिवईला उत्तम, कारण ओल त्याला बाधत नाही. पण त्याचे वजन विसरू नका. दोन फूट बाय दीड फूट, पाऊण इंच जाड तुकडा सुमारे १४ किलो भरतो, वर भरलेला माठ वेगळा. दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही. म्हणून चारही बाजूंनी आणि मधून एक अशी लाकडी चौकट खाली हवी.

अशा कामाला कोणी हलके समजत असेल तर दोन गोष्टी सांगतो. हॉलंडच्या रीटफेल्ट या नावाजलेल्या वास्तुकाराने १९३४ साली मालाच्या खोक्यांच्या फळ्यांसारख्या साध्या फळ्यांची खुर्ची काढली. इटलीच्या एन्झो मारीने १९७४ साली साध्या फळ्या आणि खिळे यांतून करायच्या टेबल-खुर्च्यांचे आराखडे छापले, आणि टपालखर्च पाठवील त्याला ते मिळत. आपल्याच देशात चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी खुर्च्या पुढे भंगारात निघाल्या, आणि परदेशच्या लिलावात त्यांना लाखांनी किंमत आली. शाळेतले मोडके सागवानी बाक निर्लेखित करण्यापूर्वी हेडमास्तरांनी ही शेवटची गोष्ट ध्यानात घ्यावी.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. त्यानंतर कार्यानुभवाच्या नावाने तो आपल्या शाळांत या ना त्या रूपाने राहिला. पण कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याचे घर करून ते कपाटावर धूळ खात ठेवण्यापेक्षा, पहिलीच्या वर्गाला बसायला दोन बाक केलेले काय वाईट? करवत आणि पटाशी सातवीच्या मुलांच्या हाती शिक्षकांसमोरच द्यावी. घासणे, मोजणे, खूण करणे हे लहानांना देता येते. गावातल्या सुताराला एका दिवसाची मजुरी देऊन बोलवा. त्याला मान मिळतो, आणि मुलांना रंधा कसा धरायचा ते कळते. पुस्तकातून ते कळत नाही, रेडिओवरूनही नाही.

राहता राहिले शेवटचे हात. बाक पॉलिश कागदाने शिरांच्या दिशेने घासा, आडवे घासू नका, ओरखडे कायमचे राहतात. बैठकीच्या सगळ्या धारा बोटाला लागणार नाहीत इतक्या गोल करा. पायांच्या तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावा, म्हणजे फरशी धुतल्यावर पाणी लाकडात चढत नाही. नंतर जवसाचे तेल फडक्याने पातळ चोळा. अर्ध्या तासाने जादा तेल पुसून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात द्या. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळ्याने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. फडके पाण्यात भिजवून उघड्यावर पसरून वाळवा. बाक वाऱ्यावर चार दिवस राहू द्या, आणि तेल हाताला लागेनासे झाले की मग वर्गात न्या.